शाळेचं नमन सहाणेवर न्यावं का?

सुरंगी

संगमेश्वर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. सातवीपर्यंतची शाळा, पट एकतीस. मुलं चार वाड्यांतून आणि मोहल्ल्यातून येतात. मुलांनी बसवलेलं नमन, म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य, शिमग्यात सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी बसते त्या चौथऱ्यावर, न्यावं का, या प्रश्नात अडकले आहे, म्हणून हा धागा. इथे नमन-जाखडीतली माणसं आहेत, गावकीत, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या बैठकीत, बसणारी आहेत आणि गावकीचा त्रास झालेलीही आहेत. सगळ्यांनी बोलावं.

गेल्या जूनपासून शाळा सुटल्यावर तासभर आम्ही नमन बसवतो. आमच्याकडे नमनाची मंडळं वाडीवार आहेत. गण, गवळण, मग वग, ठरलेली सोंगं, ठरलेली घराणी. बौद्धवाडीतला सहावीतला एक मुलगा बाकावर बोटांनी असा ठेका धरतो की शिकवता शिकवता मी थांबते. त्याला मृदंग कुणी दिला नव्हता. शाळेत एक जुना मृदंग पडून होता, तो त्याच्या हाती दिला आणि तिथून सुरुवात झाली. गवळणी मुलीच करतात. आमच्या गावात आजवर हे काम साडी नेसलेल्या मुलग्यांनी केलं. पेंद्या मोहल्ल्यातला आहे आणि तो तोंड उघडायच्या आधीच पोरं हसायला लागतात.

वगाचा विषय मुलांनी निवडला: पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून पाणी खाली निघून जातं आणि एप्रिलपासून विहिरी तळ दाखवतात. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर. आम्ही हंडा मोजला, तो भरला १५ लिटरचा. म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, अठरा हंड्यांच्या वर. मग मे महिन्यात कुणाच्या घरी किती हंडे आले ते मुलांनी घरोघर विचारून वहीत लिहिलं. टाकीजवळच्या वाडीत वीस-बावीस. शेवटच्या वाडीत सहा, आणि तेही बायकांनी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळावरच्या, विहिरीवरून आणलेले. भागाकार, सरासरी, नकाशा, नागरिकशास्त्र, सगळं त्या वहीत आलं. सातवीच्या एका मुलीने नकाशावर पाइपची रेघ ओढली आणि विचारलं, "बाई, पाइप उतारानंच गेलाय, मग पाणी आमच्याकडे का येत नाय?"

वगात हाच प्रश्न मावशी गवळणींना विचारते. शाळेच्या पटांगणात प्रयोग झाला, लोकांना आवडला. आता काही तरुण म्हणतात, शिमग्यात पालखी सहाणेवर बसते तेव्हा तिथे करा, सगळा गाव बघेल. गावकीतले दोघे-तिघे घरी येऊन सांगून गेले की सहाणेवर खेळे मानाचे असतात, गण कोणी म्हणायचा हे ठरलेलं आहे, बाईंनी शाळेपुरतं बघावं. धमकी नव्हती. चहा घेऊन गेले. पण घरी गेल्यावर एका गवळणीच्या आईने मुलीला दोन दिवस सरावाला पाठवलं नाही.

मला वाटतं सहाणेवर जावं. तिथे जाता आलं नाही तर मग हे शाळेचं स्नेहसंमेलनच झालं. तुमचं मत सांगा.

परळ-लालबाग

बाई, आधी अभिनंदन. हंड्यांचा हिशेब वाचून मी तो बायकोला वाचून दाखवला. तिचं माहेर तुमच्याच बाजूचं, ती म्हणाली "सहासुद्धा जास्त सांगितलेन."

मी चाकरमानी. आमचे वडील गिरणीत होते, बिऱ्हाड परळला. नमन आणि शक्ती-तुरा मी गावात कमी आणि दामोदर नाट्यगृहात जास्त पाहिला. ते नाट्यगृह १९२२ सालचं, सोशल सर्व्हिस लीगचं. लीग काढली नारायण मल्हार जोशींनी १९११ साली, आणि जोशी आपल्या रायगडातल्या गोरेगावचे. पुढे आयटक ही कामगार संघटना उभी करणारे तेच. त्या लीगने गिरणगावात कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या, वाचनालयं काढली, आणि त्याच कामगाराला उभं राहायला रंगमंच दिला. शिकणं आणि खेळ करणं या दोन गोष्टी त्यांनी एकाच अंगणात ठेवल्या. तुम्ही तेच करताय.

एक सांगतो. गावच्या देवळाला, सहाणेच्या लाद्यांना, नमनाच्या पडद्याला पैसे मुंबई मंडळातून जातात. आमच्या मंडळात बौद्धवाडीची वर्गणी वेगळी, हिशेब वेगळा, मिटिंगही वेगळी. मुंबईत एका चाळीत राहिलो, एका नळावर पाणी भरलं, आणि मंडळं मात्र दोन. हे मला फार वर्षं खुपतं. सहाणेवर जायचा निर्णय गावात होत नाही, तो विरारला किंवा डोंबिवलीला कुणाच्या तरी हॉलमध्ये होतो. तुम्हाला बोलणी करायची असतील तर तिथे करायला हवीत. तुमच्या गावाच्या मंडळाशी मी बोलायला तयार आहे.

जुना खेळिया

बाईंना नमस्कार. वय वर्षे ७३. नमनात बावीस वर्षं संकासुराचं सोंग केलं, नंतर सूत्रधार.

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. सहाण ही देवाची जागा. तिथला खेळा हा नवसाचा असतो. वर्षभर आजारी पडलेलं मूल बरं झालं म्हणून कोणी नमन बोललेलं असतं. त्यात पाण्याचा वाद आणला की ज्याने नवस बोलला त्याचं काय? आणि मावशी सरपंचाला बोलली की दुसऱ्या दिवशी सरपंचाचा भाऊ पालखीला खांदा देणार नाही. मी अशी भांडणं पाहिली आहेत. तीन वर्षं पालखी बाहेर निघाली नव्हती.

पण हेही खरं की पेंद्या आणि मावशी आधीपासून बोलतच आली. आमच्या वेळी मावशीने रेशन दुकानदाराची काटामारी काढली होती आणि दुकानदार पहिल्या रांगेत बसला होता. आमच्या सूत्रधारांचा एक नियम होता: गणात आणि नमनात गावातलं काही आणायचं नाही, गवळणीपासून पुढे मोकळीक. तेवढं पाळलं तर देवाचं देवाला मिळतं.

मुलीने गवळण करायला माझी हरकत नाही. आम्ही मिशा काढून साड्या नेसलो तेव्हा कुणाला हरकत नव्हती.

चवदार

सुरंगी ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून एक कठीण गोष्ट बोलतो. मी महाडकडचा, बौद्ध.

तुमच्या लेखात त्या मुलाच्या हातात मृदंग आला आणि आता त्याला सहाणेवर न्यायचं, असं चित्र आहे. माझ्या पणजोबांना सहाणेपर्यंत जायचा "मान" होताच. ढोल वाजवायचा, पुढे चालायचं, होळीचं लाकूड आणायचं, आणि लांब उभं राहायचं. गावकी त्याला मानच म्हणत असे. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद झाली, २० तारखेला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या परिषदेत मेलेली जनावरं ओढणं बंद करा, शिळंपाकं मागणं बंद करा, हेही सांगितलं गेलं. आमच्या आजोबांनी गावचा ढोल खाली ठेवला तो या शिकवणीतून. १९५६ नंतर तर पूर्णच. त्यासाठी त्यांचं जळण बंद झालं, वाट बंद झाली. आमच्या घरात सहाणेवर वाजवणं ही मिळवायची गोष्ट राहिलेली नाही, ती प्रयत्नपूर्वक सोडलेली गोष्ट आहे.

म्हणून विचारतो. त्या मुलाला, त्याच्या आईवडिलांना तुम्ही विचारलंत का? कदाचित त्यांना पालखीसमोर मृदंग वाजवायचा नसेल. आणि त्यांनी नाही म्हटलं तर गाव म्हणेल, "बघा, आम्ही बोलावलं, तेच येत नाहीत."

आणखी एक. कलेतून न्यायाची गोष्ट कोकणात कुणी बाहेरून आणलेली नाही. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका लिहिली. पलटणीत सक्तीने शिकावं लागलं म्हणून त्यांच्या हातात लेखणी आली. सत्यशोधकांचे जलसे होते, मग आंबेडकरी जलसे आले. गणातल्या गणपतीच्या जागी त्यांनी दुसरं नमन घातलं, गवळणीची छेडछाड काढून टाकली, आणि वगात सावकार, भट, तलाठी उभे केले. साचा तोच ठेवला आणि आतलं सगळं बदललं. माझी आई अजून भीमजयंतीला ती जुनी गाणी म्हणते, वहीतून नाही, पाठ. तुमच्या शाळेच्या नमनात ती परंपरा कुठे आहे? की त्या मुलाने फक्त तुमच्या परंपरेला ठेका द्यायचा?

सुरंगी

चवदार दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. आज शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले. मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे. मुलाला विचारलं होतं, तो हो म्हणाला होता. पण अकरा वर्षांचं मूल बाईंना नाही कसं म्हणेल?

त्याच्या आईने चहा केला. तुम्ही सांगितलंत जवळजवळ तेच तिच्या सासऱ्यांनी सांगितलं, फक्त त्यांनी ते फार थोड्या शब्दांत सांगितलं. "शाळेत वाजवू दे. वाडीत वाजवू दे. पालखीपुढं नको." मग त्यांनी आतून एक वही आणून दाखवली. १९६८ सालची, त्यांच्या वडिलांच्या जलशातली पदं. बाड म्हणतात ते. पानं वाळवीने खाल्लेली, पण अक्षर मोत्यासारखं. पाण्यावर एक पूर्ण पद आहे त्यात.

सहा महिने मी त्या मुलाला शिकवतेय, आणि ही वही माझ्या शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होती.

अ‍ॅडव्होकेट खाडीपट्टा

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण "दोन दिवस पाठवलं नाही" हे वाक्य मला खटकलं.

गावकीने कुणाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ पासून. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धार्मिक रूढी, सण, मिरवणुकीत भाग घेण्यापासून अडवणं, देणंघेणं तोडणं, दुकान-विहीर-स्मशान बंद करणं, मुलांना एकमेकांत खेळू न देणं, हे सगळं त्यात येतं. असा ठराव करायला बसलेल्या बैठकीत सामील होणंही गुन्हाच. असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, आणि तो करावा लागला त्यामागे आपल्याच रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत प्रकरणांचा मोठा वाटा होता. अस्पृश्यतेतून कुणाला अडवलं तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा वेगळा आहेच.

आज तक्रार करा असं मी म्हणत नाही. चहा घेऊन गेलेल्या माणसांवर गुन्हा होत नाही. पण त्या मुलीच्या आईला कोण काय बोललं ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे येणारी प्रकरणं बहुतेक इथेच कच्ची पडतात, कुणी काही लिहून ठेवलेलं नसतं.

माजघर

माझो आजो दशावतारात स्त्रीपार्ट करी. रात्री द्रौपदी झालो की बायका ओटी भरत, पाया पडत. सकाळी तोच आजो त्याच घरच्या खळ्यात गडी. चाय वायल्या कपातून. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' असा आमच्याकडे म्हणतत, ता आमच्या घरात म्हण म्हणान कोणी म्हणूक नाय, तो रोजचो दिवस होतो.

त्यामुळे कलेने मान मिळतो आणि माणूस बदलतो यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. पण दशावताराची एक गोष्ट तुमच्या कामाला येईल. आमच्यात संहिता नसते. कथानक ठरतं, कोण कधी येणार ते ठरतं, बाकी संवाद तिथल्या तिथे. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा. मुलांचा वग तसा ठेवा. पाठांतराचं भाषण केलं की पाहुणे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मूल उभ्या उभ्या उत्तर शोधायला लागलं की शिक्षण होतं, असं मी माझ्या आज्याकडे बघून सांगतो. शाळेत तो चौथी नापास होता, पण रंगमंचार कोणी तेका हरवूक शकला नाय.

कुडाळजवळ पिंगुळीला कधी मुलांना घेऊन या. ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या कशा जपल्या ते बघण्यासारखं आहे. गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं त्यांनी. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच.

नाट्यवर्ग

माजघर यांनी सांगितलं त्याला जोडून. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात अशाच प्रकारे खेळ करण्याची पद्धत बसवली, फोरम थिएटर. खेळात अन्यायाचा प्रसंग दाखवायचा, तो अन्यायावरच संपवायचा, उत्तर द्यायचं नाही. मग तोच खेळ पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्यांना सांगायचं, जिथे वाटेल तिथे थांबवा, वर या, त्या पात्राच्या जागी उभे राहा आणि करून दाखवा. बंगालमध्ये सुंदरबनच्या भागात १९८५ साली सुरू झालेला जन संस्कृती हा गट हे करत आलाय, शेतमजूर बायकांसह.

तुमच्या वगात हे अगदी सहज बसेल. मावशी पाण्याचा प्रश्न विचारते तिथे मृदंग थांबवा. प्रेक्षकातल्या एखाद्या बाईला बोलवा, हंडा तिच्या डोक्यावर द्या, आणि टाकीवाल्याशी बोलायला सांगा. टाकीवाल्याच्या भूमिकेत तयारीचा मुलगा हवा, तो सहज हार मानणारा नको. मी हा प्रकार तीन गावांत केला आहे. पहिल्या वीस मिनिटांत कोणी उठत नाही. तेव्हा घाबरून मुलांना पुढे ढकलू नका. थांबा. एक आजी उठते, आणि ती उठली की मग आवरत नाही.

भट्टीवाट

मी सुधागड-पेण पट्ट्यात कातकरी वाड्यांवर काम करतो. सगळ्यांचं वाचतोय, आणि मनात एकच येतं की या चर्चेतली मुलं निदान शिमग्याला गावात असतात.

आमची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत निघता येत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे, पण उचलीची वही मालकाकडे असते. हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे, कागदावर ठीक आहे. पाच वर्षांची बहीण सांभाळायला नवव्या वर्षाच्या मुलीलाच नेतात, तिला वसतिगृहात कोण ठेवणार?

आम्ही खेळ भट्टीवरच नेला. रात्री काम संपल्यावर, गाडीच्या दिव्यात. विटांचा हिशेब हेच नाटक. हजार विटांमागे दर किती ठरला, किती विटा थापल्या, फुटक्या म्हणून किती कापल्या, उचलीतून किती वळते झाले. चौथीतलं पोरगं मुकादम होतं आणि बापालाच विचारतं, "बोल, किती झालं?" बापाला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीपासून दोन बाप वहीत रेघा मारायला लागले. बस एवढंच झालं. पण हंगामाच्या शेवटी मुकादमाने सांगितलेला आकडा त्यांनी खोडला आणि त्यांना बाराशे रुपये जास्त मिळाले. आमच्या कामात मी बाराशे रुपये फार मोठे मानतो.

त्यामुळे सुरंगी ताई, प्रश्न सहाणेचा आहे का पाण्याचा आहे? पाण्याचा असेल तर खेळ टाकीजवळ करा.

जुना खेळिया

भट्टीवाट यांचं वाचून एक आठवलं. माझी आजी अलिबागकडची. चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपात तिचं माहेर होतं. १९३३ ते १९३९, सहा वर्षं लोकांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसली नाही. खारं पाणी शेतात आलं, बांध फुटले, लोकांनी मोळ्या विकल्या, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील पुढारी. बाबासाहेब तिथे गेले, आणि १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयक त्यांनीच मांडलं. आजी सांगायची, सभेला पोलीस बंदी आली की बायका जात्यावर बसून गाणी जोडायच्या आणि निरोप त्या गाण्यांतून दुसऱ्या गावात जायचा. जात्यावर कोण बंदी घालणार!

परवा मी देवाची जागा म्हणालो. ते मत माझं आहेच. पण चवदार यांनी लिहिलंय ते वाचून दोन रात्री झोप नीट लागली नाही. माझ्या संकासुराच्या पुढे ढोल वाजवणारा माणूस वर्षानुवर्षं कुठे जेवायचा हे मला आठवत नाही. मला त्याचं नाव आठवतं, तो चांगला वाजवायचा हे आठवतं, पण तो जेवताना मी त्याला कधी पाहिलेला नाही.

बाई, गवळणीच्या चाली मला चाळीसेक येतात. मुलींना शिकवायला येऊ का? संगमेश्वरला माझी लेक दिली आहे, तिच्याकडे राहीन.

परळ-लालबाग

खेळिया काका, या. येण्याजाण्याचं माझ्याकडे लागलं.

मंडळाशी बोललो. अध्यक्ष म्हणाले, सहाणेचं पुढच्या वर्षी बघू. मी सांगितलं की आता सहाण कोणी मागतच नाही. ते जरा गप्प झाले. मग मी हंड्यांची वही मागवून घेतो म्हणालो, ती पुढच्या मिटिंगमध्ये वाचणार. बौद्धवाडीच्या मंडळाचे सचिव माझ्याच पाळीला होते, त्यांनाही बोलावलं आहे. दोन्ही मंडळं एका खोलीत बसायची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल.

सुरंगी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कळवते.

सहाणेवर जात नाही. मुलांशी बोललो, पालकांशी बोललो. खेळ वाडीवार होणार, आणि पहिला शेवटच्या वाडीत, सड्यावरच्या विहिरीजवळ, पौर्णिमेच्या रात्री. मग मोहल्ल्यात, मग बौद्धवाडीच्या विहारासमोरच्या अंगणात, मग टाकीजवळ. सरपंचांना टाकीजवळच्या खेळाचं आमंत्रण मुलांनी स्वतः जाऊन दिलं. त्यांनी येतो म्हटलंय. नाट्यवर्ग यांनी सांगितलं तसं, मावशीच्या प्रश्नावर मृदंग थांबेल.

सुरुवात दोन नमनांनी होईल. एक खेळिया काका शिकवताहेत ते. दुसरं त्या बाडातलं, पाण्याचं पद, आजोबांनी स्वतः मुलांना चालीसह दिलं. चाल सांगताना ते मध्येच थांबले आणि नातवाला म्हणाले, "हितं तुझा हात पडू दे." चवदार दादा, तुमच्या आईची गाणी फोनवर रेकॉर्ड करून पाठवाल का? मुलं ती उतरवून घेतील. शुद्धलेखनाची वही तीच करणार आहे मी या वर्षी.

ती गवळण परत यायला लागली. तिची आई कालच्या सरावाला दारात उभी राहून बघत होती, आत या म्हटलं तर आली नाही, पण शेवटपर्यंत थांबली.

आता एक मदत हवी. मृदंगाच्या धुमाची, म्हणजे खर्ज आवाजाची, बाजू उतरली आहे आणि शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा लेप, उकलायला लागली आहे. पौर्णिमेला बारा दिवस राहिले. चिपळूण, देवरुख, लांजा या पट्ट्यात शाई भरून पुडी चढवून देणारा कारागीर कुणाच्या ओळखीचा आहे का? मुलगा सोबत येणार आहे, त्याला बघायचं आहे कसं करतात.

माजघर

कणकवलीत एक म्हातारे हत. फोन नाय, दुकान बसस्टँडच्या मागे. सकाळी धाच्या आधी गाठा. मी आज सांगान ठेवतंय.